गौरी जाईपर्यंत

वामनकाका गाडी धूत होते. सकाळची वेळ, ऊन अजून झाडांच्या वर आलं नव्हतं, आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस पँट पोटरीपर्यंत दुमडून गाडीच्या चाकांवर पाइपनं पाणी मारत उभा होता. गाडी काही मळलेली दिसत नव्हती. मी माझा खटारा रस्त्याच्या कडेला लावला आणि पर्स, टेपरेकॉर्डर, केळ्यांची फणी असं सगळं सावरत त्यांच्या दारात आले.

"काय काका, आज काकूंनी कामाला जुंपलं वाटतं?"

एरवी यावर ते काहीतरी टोला हाणायचे. आज हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी पाइप बंद केला, घराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वृंदा, जरा गॅरेजमध्ये ये."

गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र, बर्फ ओढायची फावडी आणि तांदळाची पोती यांच्यामध्ये आम्ही दोघं उभे राहिलो.

"हिची आई गेली," काका म्हणाले. "पहाटे देवरुखहून फोन आला. तिकडची दुपार. जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत."

"अरे देवा! काकू कशा आहेत?"

"तिला सांगितलेलं नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

मी केळ्यांची फणी दुसऱ्या हातात घेतली.

"आज गौरी जायच्या," ते म्हणाले. "दुपारी विसर्जन. तेवढं होऊन जाऊ दे, मग मी सांगतो. आत्ता तिच्या कानावर पडलं की सुतक आलं. मग तिला त्या खड्यांना हात लावता यायचा नाही, नैवेद्य दाखवता यायचा नाही. या देशात आल्यापासून एकदाही मोडली नाही तिनं गौर. आणि सांगून तरी काय, आजच्या आज ती पोचणार आहे का तिथं? संध्याकाळपर्यंत ते सगळं उरकतीलही."

"पण काका..."

"कळलं नाही तोवर सुतक नाही. हा काही मी काढलेला कायदा नाही. मला कळलंय, म्हणून मी आत पाऊल टाकत नाहीये. सासूचं मलाही लागतं." त्यांनी पाइपाकडे बोट दाखवलं, जणू गाडी का धुतोय याचा तोच खुलासा होता. "तुला काही लागत नाही. तू आत जा. तुझं ते मशीन लाव, काय विचारायचं ते विचार, तिला बोलण्यात गुंतव. आणि फोन वाजला तर तिला उचलू देऊ नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

आता, मी तिथं काय करत होते ते सांगायला हवं. मी कराडची. ओहायोतल्या एका विद्यापीठात पीएच. डी. करत होते. अमेरिकेतलं साहित्य आणि संस्कृती यांत परदेशातून आलेल्या माणसांचं काय होतं, ती इथं कशी मुरतात, हा माझा विषय. अर्धा प्रबंध कादंबऱ्यांवर, अर्धा जिवंत माणसांवर. कादंबऱ्यांचं मला पाठ झालं होतं. त्यांत मधेच कुठेतरी तो बाहेरून आलेला माणूस काहीतरी टाकून देतो. कुणी डोक्याचा रुमाल, कुणी आजीची पेटी, कुणी स्वतःचं नाव. टाकलं की झाला तो अमेरिकन. माझ्या गाइड बाई मला सारख्या सांगायच्या, "तुझ्या लोकांची ती सुटण्याची जागा शोध." म्हणून मी गावोगावच्या मराठी माणसांच्या घरी जाऊन, पोहे खाऊन, टेप लावून विचारत होते, की काय सुटलं तुमचं? कधी सुटलं?

शरयूकाकू खांबेटे माझ्या लाडक्या. पण या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर. "काही सुटलं नाही बाई. मी सगळं धरून ठेवलंय." हे म्हणताना त्या इतक्या ठाम असायच्या की मला त्यांचा थोडा रागच यायचा. काही सुटलंच नाही तर मी प्रकरण कशाचं लिहू, डोंबलाचं?

तर मी आत गेले.

काकू स्वयंपाकघरात होत्या. जांभळी इरकली, नाकात नथ, पायांत लोकरी मोजे, कारण फरशी थंड. दहीभात कालवत होत्या.

"आलीस? बस. केळी कशाला आणलीस, मेलं इथल्या केळ्यांना वासच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना म्हटलं होतं आज वाटीभर खीर खाऊन घ्या, पण त्यांचं पोट बरं नसेल."

मी हो म्हणाले. काकांनी मला पोटाचं काही सांगितलेलं नव्हतं. पण मला निमित्त आयतं मिळालं आणि मी ते घेतलं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चौरंगावर गौरी होत्या. आमच्याकडे कराडला मुखवट्यांच्या, साड्या नेसलेल्या, दागिने घातलेल्या दोन धिप्पाड गौरी. काकूंच्याकडे कोकणस्थी रीत, सात खडे. नदीवरून आणायचे, ताम्हनात मांडायचे, त्यांवर हळदकुंकू, कापसाची वस्त्रं, तेरड्याची पानं. तिसऱ्या दिवशी परत पाण्यात सोडायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फसवल्यासारखंच वाटलं होतं. एवढंच? दगड? तेरडा मात्र काकूंनी मागच्या अंगणात स्वतः लावलेला, बी देवरुखचं.

त्यांची एक गोष्ट मी टेपवरून इतक्यांदा ऐकली होती की ती मला माझीच वाटायची. लग्न होऊन आल्या त्या पहिल्या वर्षी ही दोघं क्लीव्हलंडला एका खोलीत राहायची. नदी कुठली माहीत नाही, म्हणून काकू बागेतल्या तळ्यावर गेल्या. गौर आणायची ती मुक्यानं, तोंडात पाण्याची चूळ धरून, घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही. तर या रेशमी साडीत, हातात खड्यांचं ताम्हन, गाल फुगलेले, आणि समोर पोलीस. तो विचारतोय, बाईसाहेब, काय झालं? या गिळायला तयार नाहीत, थुंकायला तयार नाहीत. शेवटी काका धावत आले आणि म्हणाले, हिची दाढ दुखतेय. त्या भल्या पोलिसानं दाताच्या डॉक्टरचा पत्ता दिला. ही गोष्ट मी एका परिषदेत सांगितली तर सगळी खोली हसली होती.

मी टेप लावली. हातांना काही कळत नव्हतं. दाढ काढायच्या आधी गालात सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं आख्खं अंग झालं होतं. बाई समोर बसल्या आहेत, त्यांची आई गेली आहे, ते मला माहीत आहे, त्यांना नाही. मला रडू यायला हवं होतं. काहीही नाही. मी विचारलं, "काकू, इथली पहिली दिवाळी कशी केलीत?"

"दिवाळी राहू दे. तू मागच्या वेळी विचारत होतीस ना, इकडे यायला निघताना आई काय म्हणाली ते? ते सांगायचं राहिलं होतं."

"ते आज नको."

"का? आज काय झालंय?"

"नाही, म्हणजे... मला सणांवरचं हवंय आधी."

त्यांनी नथ सारखी केली. "बरं," म्हणाल्या. "सणांवरचं तर सणांवरचं."

आणि सणांबद्दल बोलता बोलता दर दुसऱ्या वाक्याला आईवर आल्या. आई घावनं कशी घालते. आईच्या घाटल्यात गूळ किती. आईला आता दिसत नाही पण तेरडा फुललेला वासावरून कळतो. तेरड्याला कसला आलाय वास, मी म्हटलं. "तेच मीही म्हणते तिला. पण तिला येतो," काकू म्हणाल्या. 'येतो', 'घालते', 'म्हणते'. मी मान डोलवत होते. आतून कुणीतरी मला बजावत होतं, हस इथं, आता हस. मी हसत होते. मला स्वतःची किळस आली, आणि ती तेवढी एकच गोष्ट मला त्या सकाळी खरोखर जाणवली.

फोन वाजला.

मी अर्धवट उठलेच. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "ते फोनचं मशीन घेईल निरोप."

"मी बघू का?"

"तू पाहुणी आहेस. बस."

मशीनचा आवाज त्यांनी बंद करून ठेवला होता. नुसता लाल दिवा लुकलुकायला लागला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा त्या तशाच. मी मनात म्हटलं, देव पावला, आज बाईंना बोलायचा मूड आहे. खिडकीचा पडदा सकाळपासून ओढलेला होता. बाहेर पाइपाचा आवाज अजून येतच होता. एक गाडी धुवायला इतका वेळ कुणाला लागतो?

"काकू, विसर्जनानंतर तुम्ही देवरुखला फोन करता ना दरवर्षी?" मी विचारलं आणि जीभ चावली. ही माझी अक्कल. विषय टाळायला सांगितलेला, आणि मीच त्यात पाय घालते.

"करते. 'आई, गौरी गेल्या गं' एवढंच म्हणते. ती म्हणते, 'नीट गेल्या ना?' संपलं." त्यांनी पदरानं ताम्हनाची कड पुसली. ती पुसलेलीच होती. "आज बहुतेक लाइन मिळायची नाही."

नैवेद्य झाला. आरतीला त्यांनी काकांना हाक मारली नाही. घंटा माझ्या हातात दिली. मी सुरात गात नाही, पण त्या दिवशी मी गळा काढून आरती म्हटली, कारण गप्प राहणं मला झेपेना. काकू शांतपणे निरांजन ओवाळत होत्या. मला वाटलं, बिचारीला काही पत्ता नाही.

मग त्यांनी खड्यांवर अक्षता टाकल्या, ताम्हन उचललं, आणि आम्ही निघालो.

ओढा गावाबाहेरच्या उद्यानात, गाडीनं थोडंच अंतर. काका गाडी चालवत होते, ओल्या पँटनं. काकू पुढे न बसता मागे बसल्या, माझ्या शेजारी, ताम्हन मांडीवर. एकदाच काका म्हणाले, "गरम होतंय का? एसी लावू?" आणि काकू म्हणाल्या, "नको." नवराबायकोचं त्या दिवशी तोवर मी ऐकलेलं तेवढंच बोलणं.

उद्यानात बाकं होती, मक्याची कणसं भाजायच्या लोखंडी शेगड्या होत्या. कुणी नव्हतं. काका गाडीपाशीच थांबले. ओढ्याला पाणी गुडघाभर, तळ दिसत होता. काकू काठावर उकिडव्या बसल्या आणि एकेक खडा पाण्यात सोडला. सोडताना प्रत्येकाला काहीतरी पुटपुटल्या. शेवटचा सोडला. मी मनात सुटकेचा श्वास टाकला. झालं, मोडली नाही. आता काका सांगतील, आता माझी सुटका.

काकू उठल्या, रिकामं ताम्हन माझ्या हातात दिलं आणि काकांकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गेल्या गौरी. आता सांगा."

काका गाडीला टेकून उभे होते ते सरळ झाले. "काय सांगू?"

"तुम्ही गाडी धुतलीत."

काकांनी मान वळवून गाडीकडे बघितलं.

"बाबा गेले तेव्हा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं माझं, तेव्हा धुतलीत. बर्फ पडत होता हो बाहेर, आणि तुम्ही गाडी धूत होतात. वन्सं गेल्या तेव्हा धुतलीत. एरवी कधी हात लावता का तुम्ही गाडीला?" त्यांचा आवाज अजून तसाच होता, वाणसामानाची यादी सांगावी तसा. "पहाटे फोन वाजला तेव्हा मी जागी होते. तुम्ही वर आलाच नाहीत. मी म्हटलं, नाही आले तर नाही. मी ऐकलेलं नाही. दिवसभर ऐकलं नाही मी. आता ऐकते. आई ना?"

"हो," काका म्हणाले. इतका उंच माणूस, तो गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. सासूसाठी रडत होता, की दिवसभर बाहेर उभा राहून दमला होता, कोण जाणे.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी नथ काढली, माझ्या हातातल्या ताम्हनात ठेवली. चपला काढल्या. आणि नेसल्या साडीनिशी ओढ्यात उतरल्या. मी धावले, "अहो काकू!" म्हणून ओरडले.

"थांब तिथं," त्या म्हणाल्या. "कळलं की अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायचं असतं. घरी नळाखाली काय करू, इथं वाहतं पाणी आहे." आणि मधोमध जाऊन खाली बसल्या. पाणी छातीपर्यंत आलं. त्यांनी नाक धरलं आणि डोकं आत घातलं. एकदा. पुन्हा. पदर पाण्यावर तरंगत होता. मी ताम्हन धरून काठावर उभी. मला वाटलं, मी काहीतरी करायला हवं, आणि काय ते सुचेना.

तेवढ्यात पायवाटेनं एक माणूस कुत्रं घेऊन आला. पन्नाशीचा, टोपी घातलेला, चेहऱ्यावरून सज्जन. त्यानं बघितलं, एक म्हातारी साडीसकट ओढ्यात बसलीय, एक म्हातारा गाडीपाशी रडतोय, एक बाई पितळी ताट धरून पुतळ्यासारखी उभी आहे. तो थबकला. "मॅम? आर यू ऑल राइट?"

मी तोंड उघडलं. इंग्रजीवर पोट भरणारी मी, तोंडात चूळ धरल्यासारखी उभी.

काकूंनी डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि हसल्या. मी ते हसू ओळखत होते. दुकानात, बँकेत, शेजारणीशी कुंपणापाशी बोलताना त्या तसंच हसायच्या, दात दिसतील इतकं, मान किंचित कलती करून. "वी आर फाइन!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सच अ हॉट डे! जस्ट कूलिंग ऑफ. थँक यू सो मच. लव्हली डॉग!"

माणसाचा जीव भांड्यात पडला. तोही हसला, टोपीला हात लावला, कुत्र्याला घेऊन पुढे गेला.

काकू त्याच्या पाठीकडे बघत तशाच बसून राहिल्या. हसू तोंडावर तसंच होतं. ते काढायचं त्या विसरल्या होत्या. मग ते हळूहळू गेलं.

मी आणि काकांनी मिळून त्यांना वर काढलं. काकांनी डिकीतून टॉवेल आणले. गाडी पुसायचेच होते, पण कोरडे होते. मागच्या सीटवर ते पसरले. "ओली होईल हो," काकू म्हणाल्या. "आत्ताच धुतलीत."

"होऊ दे," काका म्हणाले.

गाडी सुरू झाली. काकूंच्या साडीतून पाणी ठिबकत होतं, लोकरी मोजे पायांना चिकटले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

"निघताना आई काय म्हणाली, विचारलं होतंस ना," त्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या. "रत्नागिरीच्या एसटीत बसले होते मी. ती खाली उभी. म्हणाली, 'शरयू, मी जाईन तेव्हा तुझ्याकडे गौरी बसलेल्या असल्या, तर कान मिटून घे. त्यांना पोचव, मग माझं ऐक. मी थांबेन.' तिला कसं सुचलं असेल गं? तेव्हा ती माझ्या आत्ताच्या निम्म्या वयाची नव्हती का?" मग स्वतःच हिशेब चुकला असं जाणवून म्हणाल्या, "नसेल. पण तरुण होती."

काकांनी नाक ओढलं. मक्याची शेतं संपली, पेट्रोल पंप आला.

"वृंदा."

"काय काकू?"

"त्या माणसाला मी 'फाइन' म्हणाले का गं?"

"हो."

"आई गेल्याचं ऐकल्यावर?"

"हो."

"हसून?"

मला खोटं बोलायचं होतं. सकाळपासून इतकं बोलले होते, आणखी एकानं काय बिघडलं असतं? पण त्या माझ्याकडे वळून बघत होत्या.

"हसून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. हात माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराचं टोक पिळायला लागल्या. पाणी टॉवेलवर पडत होतं.

"तू विचारतेस ना सारखी, काय सुटलं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला रडू येत नाहीये बघ. मघाशी पाण्यात येत होतं. अगदी इथवर आलं होतं. तेवढ्यात तो आला." त्यांनी पदर पुन्हा पिळला. "हे लिही तुझ्या त्या प्रबंधात. गौरीचं नको लिहू. तो पोलीस, ती दाढ, ते सगळं राहू दे. एवढं लिही."

घर आलं. काकांनी गाडी आत घेतली नाही, बाहेरच उभी केली. काकू उतरल्या, दारातच ओले मोजे काढले आणि अनवाणी आत गेल्या. मी ताम्हन घेऊन मागोमाग. मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. त्या फोनपाशी गेल्या, निरोप ऐकले नाहीत, सरळ नंबर फिरवायला लागल्या. देवरुखला तेव्हा रात्र झाली असणार. पलीकडे कुणी उचललं, भाऊ असावा, कारण त्या एकदम माहेरच्या आवाजात बोलल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मी शरयू," त्या म्हणाल्या. "आईला सांग... अरे, नाही." त्यांनी पाणी गळणारा पदर खांद्यावर सारला. मग म्हणाल्या, "गौरी गेल्या रे. नीट गेल्या."